पानाची सावली

हिरोसाकी स्टेशनच्या मागे मिकामींचं दुकान.
कॅमेऱ्यांपेक्षा धूळ जास्त,
आणि फ्रिजमध्ये, मुळ्याच्या लोणच्याशेजारी,
फिल्मच्या डब्या गारठून बसलेल्या.

"निगेटिव्ह ने," ते म्हणाले, "निगेटिव्ह मायाळू असते.
दोन स्टॉप चुकलीस तरी पदरात घेते.
स्लाइडचं तसं नाही.
अर्धा स्टॉप इकडे, आभाळ पांढरंफटक;
अर्धा तिकडे, झाडाखाली मध्यरात्र.
मागून सावरून घेणारं कुणी नाही."

तरी मी स्लाइडच मागितली. पन्नासची,
मंद, हट्टी, रंगाला हपापलेली.
सफरचंद सोसायटीला कॅलेंडर हवं होतं
आणि सचिव ओगासावारा फोनवर म्हणाले होते,
लाल. बाकी काही असो. लाल.

ही फिल्म काय करते मला ठाऊक होतं.
निळ्याला तळ देते, हिरव्याला वजन,
आणि लालाच्या कानाशी लागून असं काही सांगते
की तो आहे त्याहून मोठा होऊन उभा राहतो.
माणसं मात्र भाजल्यासारखी दिसतात.
म्हणून ठरवलं होतं, चौकटीत माणूस नको.
थोडक्यात, खोटं बोलायला निघाले होते
ट्रायपॉड खांद्यावर टाकून.

तोकिए कुमागाई शिडीवर होत्या. वय एकाहत्तर.
फळाभोवतीची पानं खुडत होत्या,
सगळी नाहीत, उन्हाच्या वाटेतली तेवढीच.
मग एकेक सफरचंद देठावर हलकेच वळवत होत्या,
झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसं,
पाठीलाही ऊन लागावं म्हणून.
झाडांखाली चंदेरी कागद अंथरलेला,
ऊन वर पडायचं आणि खालून परत यायचं.
माझा मीटर बावचळला.
कुठलं ऊन मोजू, आलेलं की परतलेलं?

मी विचारलं, "म्हणजे लाल आपोआप येत नाही?"
त्या शिडीवरूनच हसल्या.
"आपोआप येतो तो गंज."

त्यानंतर मला बरंच हलकं वाटलं.
एकेक दृश्य तीनतीनदा टिपलं,
मीटर सांगेल तसं, थोडं कमी, थोडं जास्त,
आंधळ्याने उंबरा चाचपावा तसं.
चौतीस झाले.

पाटाकाठचं शेवटचं झाड तसंच राहिलं होतं.
मुलगा सेन्दाईला गेला, हात कमी पडले.
तिथलं एक फळ तोडून त्यांनी माझ्यापुढे धरलं.
एक गाल लाल, आणि त्यावर
फिकट पिवळं, देठासकट, कडेच्या दातऱ्यांसकट
एक अख्खं पान उमटलेलं.
सगळा शरद ते पान तिथे टेकून होतं.
ऊन अडवलं, तेवढीच जागा राहिली.

"हे पेटीत जात नाही. हे आम्ही खातो.
पानं शेवटपर्यंत भरवतात ना, गोड असतं."

मी बघत राहिले.
इतकं लांब एक्सपोजर मी कधी दिलं नव्हतं.
मध्ये निगेटिव्ह नाही, कागद नाही,
जे पडलं तेच सरळ उमटलं,
आणि चूक दुरुस्त करायला पुढचं वर्ष.

उरलेले दोन्ही फोटो तिथेच संपवले.
हात बाजूला घ्या म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दहा दिवसांनी मिकामींच्या लाइट टेबलावर
चौतीस चौकोन पेटले.
ओगासावारांना हवा तस्साच लाल,
एवढा लाल, की ऑक्टोबरला पान कमी पडावं.

छत्तिसावा मिकामींनी भिंगाखाली घेतला.
बोटं विटकरी झालेली, नखांत रात्र,
आणि त्या सगळ्या भडक गोंधळात
ते पान मात्र होतं तसं. फिकट. फिल्मला
त्याच्यात भर घालायला काही सापडलं नव्हतं.

"अर्धा स्टॉप जास्त दिलास," ते म्हणाले.

मी भिंगासाठी हात पुढे केला.
त्यांनी ते दिलं नाही,
वाकून पाहतच राहिले.